मुलाच्या रोजच्या राहणीचा व्यसनाशी कितपत संबंध असतो?

दहावीची आई, नाशिक
माझ्या मुलाची शाळा सकाळी सातला भरते. चार ते साडेसात क्लास असतो आणि रात्री दीडपर्यंत मोबाइल हातात असतो. क्लासपासून घर दहा मिनिटांवर आहे, तरीही तो नऊच्या आत घरी येत नाही. गेल्या आठवड्यात त्याच्या दप्तरात सुगंधी सुपारीच्या पुड्या सापडल्या. विचारल्यावर ‘सगळेच खातात’ एवढेच म्हणाला. त्याचे वडील संगतीला दोष देतात. मला मात्र राहून राहून आठवते, की नववीपर्यंत तो रोज कबड्डी खेळायचा आणि दहावीचे वर्ष म्हणून आम्हीच ती बंद केली. या दिनक्रमाचा व्यसनाशी खरेच संबंध असतो, की मी उगाच घाबरते आहे?

शालेय समुपदेशक
ताई, संबंध असतो, परंतु आधी सुपारीविषयी सांगते, कारण ती निरुपद्रवी समजली जाते. तंबाखू नसलेली सुपारीही सवय लावते, तिच्यामुळे तोंड उघडणे हळूहळू कमी होत जाते, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ती कर्करोगकारक ठरवलेली आहे. सुपारीवरून माव्यावर जाणारी मुले मी दरवर्षी पाहते.
मुले बहुधा तेच घेतात जे त्यांच्या रोजच्या वाटेवर, खाऊच्या पैशांत मिळते. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात मोठ्या माणसांपेक्षा मुलांमध्ये अधिक आढळलेला नशेचा प्रकार एकच होता, आणि तो म्हणजे व्हाइटनर, पंक्चरचे सोल्यूशन यांसारखे हुंगायचे पदार्थ. म्हणून साडेसात ते नऊ हा वेळ कुठे आणि कोणाबरोबर जातो, हे शांतपणे जाणून घ्या. दप्तर तपासत राहिलात तर पुड्या दुसरीकडे ठेवल्या जातील, एवढेच.

बारा वर्षे व्यसनमुक्त
मला कोणत्याही वाईट मित्राने बिघडवले नाही. अकरावीत वसतिगृहावर असताना रात्री जागून अभ्यास व्हावा म्हणून तंबाखूची चिमूट धरली, पुढे जागरणाने डोके भणभणू लागले तेव्हा झोप यावी म्हणून गांजा ओढला, आणि सकाळी उठवेना म्हणून कॉलेज सुटले. चार-पाच तासांच्या झोपेवर काढलेल्या त्या वर्षात मला कोणीही ‘तू झोपतोस किती?’ असे विचारले नाही. सगळे गुणच विचारत होते. या वयात आठ ते दहा तास झोप लागते. तुमचा मुलगा दीडला झोपून शाळेसाठी सहाला उठत असेल, तर मला त्या पुड्यांइतकीच त्याच्या झोपेचीही काळजी वाटते.

क्रीडाशिक्षक, सातारा
आइसलँडचे उदाहरण येथे नेमके लागू पडते. तेथे पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांपैकी मागच्या महिन्यात दारू पिऊन झिंगलेल्यांचे प्रमाण १९९८ मध्ये ४२ टक्के होते. २०१६ मध्ये ते ५ टक्क्यांवर आले. केवळ व्याख्याने देऊन हे घडलेले नाही. मुलांच्या रिकाम्या संध्याकाळी खेळ, संगीत, नृत्य यांनी भरल्या, रेक्याविक शहराने त्यासाठी कुटुंबांना पैसे दिले, आणि मुलांबरोबर अधिक वेळ घालवण्याचा आग्रह पालकांनाही केला गेला. तो देश फार लहान आहे, त्यामुळे सगळे जसेच्या तसे आपल्याकडे जमणार नाही. पण दहावी आली की मैदान बंद करायचे ही आपली रीत याच्या अगदी उलट आहे, आणि ती मला मनापासून चुकीची वाटते. रोज तासभर कबड्डी खेळून कोणी नापास झालेला मी पाहिलेला नाही.

दहावीची आई, नाशिक
सर्वांचे आभार. काल रात्री त्याच्याजवळ बसले आणि पुड्यांचा विषय न काढता पुन्हा खेळायला जायचे आहे का, असे विचारले. बराच वेळ तो गप्प राहिला, मग म्हणाला, “संघात आता माझी जागा राहिली नसेल.” उद्या त्याच्या प्रशिक्षकांना भेटणार आहे. सुपारी सुटत नसेल तर कोणाकडे जावे?

शालेय समुपदेशक
आधी दंतवैद्यांकडून तोंड तपासून घ्या. १४४४६ ही व्यसनमुक्तीसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. तेथे पालकही बोलू शकतात.