हँडिकॅप १३ वर अडकलाय, मुंबईत गोल्फचा कोच कसा निवडायचा?

थ्रीपटकर

मंडळी, जरा सल्ला हवाय. १४ वर्षं गोल्फ खेळतोय, वय ५१, शनिवार-रविवार चेंबूरला आणि जमलं तर बुधवारी ऑफिसच्या आधी रेंजवर (सरावाच्या मैदानावर) एक बकेट बॉल. तीन वर्षांपूर्वी इंडेक्स (हँडिकॅपचा आकडा, म्हणजे कोर्सच्या ठरलेल्या शॉटपेक्षा, पारपेक्षा, साधारण किती जास्त लागतात; जितका कमी तितकं बरं) १०.८ झाला होता, वाटलं आता सिंगल हँडिकॅप, म्हणजे दहाच्या खाली, झालोच, पेढे आणायचेच तेवढे बाकी होते, आणि तिथून जो घसरलो तो १३ वर येऊन बसलोय. ड्रायव्हरने, म्हणजे सगळ्यात लांब मारायच्या क्लबने (काठीने), मारलेला बॉल उजवीकडे वळतो, आणि पावसाळा आला की आयर्न (लोखंडी क्लबचे शॉट) सगळे फॅट, बॉलच्या आधी मातीच उडते.

तर कोच हवाय. पण बिगिनरवाला नकोय, आणि एकदा हात पोळलेत म्हणून विचारतोय. दिवाळीनंतर एका इनडोअर स्टुडिओत (नाव घेत नाही, माणूस बोलायला चांगला आहे) दहा लेसनचं पॅकेज घेतलं, पैसे आधी. पहिल्याच तासात त्याने ग्रिप बदलली, बॉल पुढे घ्यायला लावला, बॅकस्विंग आखूड केला आणि माझा व्हिडिओ एका टूर प्रोच्या (व्यावसायिक खेळाडूच्या) शेजारी लावून त्यावर लाल रेघा मारल्या. अहो तो पंचविशीतला पोरगा, माझी कंबर सकाळी मोजे घालताना कुरकुरते! चौथ्या लेसननंतर शँक सुरू झाले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, शँक म्हणजे बॉल क्लबच्या फेसला न लागता दांडा जिथे बसतो त्या सांध्याला लागतो आणि काटकोनात उजवीकडे पळतो, बरोबरचे लोक बॅगेमागे लपतात. मंथली मेडलला (क्लबच्या महिन्याच्या स्पर्धेला) ९७ मारून आलो. उरलेले सहा लेसन सोडून दिले.

आता कळत नाहीये की क्लबवरचा जुना प्रो बघू, का मशीनवाला तरुण कोच, का खारघरला वगैरे जाऊन कोणी मिळतंय ते बघू. भेटल्यावर विचारायचं काय? आणि माझी जुनी ग्रिप परत येईल का हो?

स्लाइसराव

पैसे वाचवा आणि कॅडीला (बॅग उचलणाऱ्याला) विचारा. माझा कॅडी वीस वर्षं फुकट शिकवतोय. बॉल डावीकडे गेला, "साहब, हेड उठ गया." उजवीकडे गेला, "साहब, हेड उठ गया." पाण्यात गेला तरी तेच.

चेंबूरचे आजोबा

स्लाइसराव, हसू आलं पण त्यात तथ्य आहे. कॅडी तुमचा प्रत्येक शॉट बघतो, कोच फक्त रेंजवरचे बघतो. हेड उठतं वगैरे सोडून द्या, ते बहुतेक वेळा कारण नसतंच, पण "साहेब कुठल्या होलवर बिघडतात" हे त्याला विचारा, तुमच्यापेक्षा बरोबर सांगेल.

थ्रीपटकर, मी ७२ वर्षांचा आहे, चार कोच करून झालेत, त्यातले दोन फुकट गेले. तुमच्या बाबतीत काय झालं ते सांगतो. १४ वर्षं खेळलेल्या माणसाच्या स्विंगमध्ये दोन चुका असतात आणि त्या जुन्या संसारासारख्या एकमेकींना सांभाळून असतात. तुमचा क्लब बाहेरून आत येत असणार आणि त्या वाटेच्या मानाने फेस जरा उघडा राहत असणार, म्हणून बॉल डावीकडे सुटून उजवीकडे वळतो, आणि तुम्ही न कळत आणखी डावीकडे नेम धरत असणार. आता कोचने नुसती ग्रिप स्ट्राँग केली, म्हणजे हात दांड्यावर उजवीकडे फिरवले, आणि क्लबची वाट तशीच राहिली तर फेस बंद होऊन बॉल सरळ डावीकडच्या झाडीत. मग तो टाळायला हात बॉलच्या दिशेने बाहेर जातात आणि शँक लागतो. एक चूक काढली, दुसरी उघडी पडली. चूक काढणं सोपं आहे, तिची जोडीदारीण कोण ते ओळखणं हे कोचचं काम.

इंग्लंडच्या निक फाल्डोने ऐंशीच्या दशकात लेडबेटर या कोचकडून पूर्ण स्विंग नव्याने बांधून घेतला, दोनेक वर्षं गेली, मग १९८७ ला म्युरफील्डला ब्रिटिश ओपन जिंकला, शेवटच्या राउंडला अठराच्या अठरा होल पारमध्ये. पण तो दिवसभर बॉल मारायचा हो! तुमच्याकडे आठवड्याला चार तास, त्यातले दोन ईस्टर्न एक्सप्रेस हायवेवर. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारा: "माझ्या स्विंगमध्ये तुम्ही काय तसंच ठेवाल?" उत्तर देता आलं नाही तर चहा पिऊन घरी या.

वाळूत_रुतलेली

आजोबांना अनुमोदन. माझा इंडेक्स १६ वरून ११.५ झाला, पण त्यात स्विंग फारसा बदललेला नाहीये, हे ऐकून लोकांना पटत नाही.

माझी कोच पहिल्या दिवशी क्लब हातात घेऊ द्यायच्या आधी म्हणाली, शेवटची २० स्कोअरकार्डं दाखव. मी म्हटलं इंडेक्स माहितीये ना तुम्हाला, तर ती म्हणाली इंडेक्सवर जाऊ नकोस, वर्ल्ड हँडिकॅप सिस्टीममध्ये शेवटच्या २० मधले बेस्ट ८ धरतात, उरलेल्या १२ मध्ये तुझा आजार आहे. आणि खरंच होतं. मी छातीठोक सांगत होते की ड्रायव्हर बिघडलाय, आणि कार्डांवर माझे डबल बोगी (पारपेक्षा दोन शॉट जास्त) कुठे होते माहितीये? ग्रीनपासून (होलभोवतीच्या बारीक गवतापासून) ३०-४० यार्डांवर, जिथून तीन शॉट व्हायला हवेत तिथून पाच. एक चिप (ग्रीनवर टाकायचा छोटा शॉट) अर्धवट, एक बंकरमध्ये (वाळूच्या खड्ड्यात), मग दोन-तीन पट (ग्रीनवरचे हलके फटके). आणि पटचं म्हणाल तर पीजीए टूरवरचे (अमेरिकेतले व्यावसायिक) लोकसुद्धा आठ फुटांवरून निम्मेच घालतात, मी दर रविवारी आठ फुटांचा चुकला की कपाळावर हात मारून घ्यायचे.

मशीनबद्दल. ट्रॅकमॅन (बॉल आणि क्लब मोजणारं रडार) वगैरे चांगलं आहे, घाबरू नका, पण मशीन असणं आणि त्यातलं कळणं वेगळं. एक परीक्षा सांगते. कोचला विचारा, बॉल सुटतो कुठल्या दिशेने, क्लबच्या वाटेच्या की फेसच्या? जुनी माणसं सांगायची बॉल वाटेने सुटतो आणि फेसप्रमाणे वळतो. रडारने मोजायला लागल्यावर ते उलटं निघालं, सुटायची दिशा मुख्यतः फेस ठरवतो, ड्रायव्हरला साधारण ८५ टक्के आणि आयर्नला ७५, आणि वळण येतं ते फेस आणि वाट यांच्यातल्या फरकामुळे (बॉल फेसच्या मध्यावर लागला तर). कोच अजून जुनंच सांगत असेल तर तुमच्या स्लाइसला तो उलटं औषध देईल.

आणि इनडोअर मॅटवर फॅट शॉट कधी कळत नाही! क्लब दोन इंच मागे पडला तरी मॅटवरून घसरून बॉलला लागतो, आवाजही गोड येतो. मग पावसाळ्यात ओल्या फेअरवेवर तोच स्विंग चिखलात रुततो. तुमचं फॅटचं दुखणं पावसाळ्यातलं नाहीये, बारमाही आहे, पावसाळ्यात फक्त पकडलं जातं.

रेंजवाला

मी स्वतः शिकवतो म्हणून नाव-पत्ता काही देत नाही, नाहीतर जाहिरात वाटेल. दुसरी बाजू पण ऐका.

तुमच्यासारखा खेळाडू आमच्यासाठी सगळ्यात अवघड. बिगिनर ऐकतो. १४ वर्षांवाला येतो तेव्हा त्याने रात्री तीन व्हिडिओ पाहिलेले असतात, त्याला माझ्याकडून शिक्का हवा असतो फक्त. आणि सरावाचं विचारलं की "करतो हो" म्हणतो. म्हणजे काय ते कळत नाही. दर आठवड्याला खरंच एक बकेट होणार असेल तर एकच सांगा, मी त्याप्रमाणे एकच गोष्ट देईन. खोटं सांगितलंत तर तीन देईन आणि तिन्ही अर्धवट राहतील. तुमचा तो स्टुडिओवाला चुकला हे खरं, पण त्याला कंबरेचं सांगितलं होतंत का?

सर्टिफिकेट जरूर बघा, आपल्याकडे नॅशनल गोल्फ अकॅडमी ऑफ इंडिया कोचना ट्रेनिंग आणि सर्टिफिकेट देते. पण त्याने माणूस शिकलेला आहे एवढंच कळतं, शिकवता येतं का ते नाही. उलट कॅडी म्हणून वाढलेले जुने प्रो, ज्यांना दोन वाक्यं नीट मांडता येत नाहीत, त्यांच्यातले काही नुसता बॉलचा आवाज ऐकून सांगतात क्लबच्या टाचेला लागला की टोकाला. आपल्याकडचे मोठे खेळाडूही तिथूनच आलेत, अली शेर दिल्लीत कॅडी होता आणि १९९१ ला इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय प्रो ठरला. त्यामुळे इंग्रजीवरून आणि टी-शर्टवरच्या लोगोवरून कोच ठरवू नका.

व्यवहाराचं: पॅकेज घेऊ नका, एक लेसन घ्या. रेंजचे बॉल धरून दर सांगितलाय का ते विचारा, भांडणं तिथेच होतात. बऱ्याच क्लबांत बाहेरचा कोच चालत नाही, फक्त त्यांच्या यादीतला, ते आधी ऑफिसात विचारून घ्या. आणि नऊ होल बरोबर चालायला तयार आहे का? प्लेइंग लेसन महाग पडतो, पण सपाट मॅटवर तुमचा डावा पाय कधी खाली नसतो, कोर्सवर दर दुसऱ्या शॉटला असतो.

स्लाइसराव

रेंजवाले, आवाजावरून टाच-टोक ओळखणारा माणूस मुंबईत असेल तर कृपया व्यक्तिगत निरोप पाठवा. माझा आवाज ऐकून लोक चौकशीला येतात.

थ्रीपटकर

सगळ्यांचे आभार, जरा उशिरा लिहितोय. कार्डं काढली. ताई, तुम्ही म्हणालात तसंच, १२ वाईट राउंडांत ड्रायव्हरने बाहेर घालवलेले बॉल सगळे मिळून ९ निघाले, आणि ग्रीनच्या ५० यार्डांच्या आतून वाया घालवलेले शॉट मोजता मोजता ४० च्या पुढे गेलो तेव्हा थांबलो. बायको म्हणाली, ऑफिसचं काम करतोयस का, मी हो म्हटलं.

दोघांना भेटलो. पहिला पांढऱ्याशुभ्र कपड्यांतला, सगळं छान, पण बोलता बोलताच माझा डावा अंगठा सरकवायला लागला. आजोबांचा प्रश्न विचारला, म्हणाला "सगळं नीट करू सर, टेन्शन नका घेऊ." चहासुद्धा प्यायलो नाही.

दुसरा साठीच्या आसपासचा, क्लबच्याच यादीतला, मी इतकी वर्षं त्याला नुसता नमस्कार करून पुढे जायचो. कंबरेचं मी स्वतःहून सांगितलं. त्याने सात नंबरच्या आयर्नने वीस बॉल मारायला लावले, एक शब्द बोलला नाही, मध्ये एकदा फक्त बूट काढायला सांगितले, का ते अजून कळलेलं नाही. मग म्हणाला चला, मॅटवरून उतरा. प्रॅक्टिस ग्रीनच्या मागे ओलं गवत होतं, तिथे माझ्या बॅगेतला नॅपकिन दुमडून बॉलच्या मागे वीतभर अंतरावर ठेवला आणि म्हणाला, आता मारा. दहापैकी सात वेळा नॅपकिन उडाला. मॅटवर हेच दहा बॉल मी "प्युअर" मारले असते!

ग्रिपबद्दल विचारलं तर म्हणाला जुनी जी आहे ती राहू दे, तिच्यावरच तुम्ही १० पर्यंत आला होतात ना. वजन डावीकडे येत नाही एवढंच एक, आणि महिनाभर रोज घरी दहा मिनिटं नॅपकिन ठेवून रिकामा स्विंग, बॉल नाही. ड्रायव्हरचं बोलायलाच तयार नाही, "वो बाद में."

पहिला आठवडा झाला. हॉलमधल्या पंख्याला एकदा क्लब लागलाय, आणि तो नॅपकिन लग्नात आलेल्या सेटमधला होता हे मला माहीत नव्हतं. रविवारी मेडल आहे, कार्ड टाकतो इथे.