'बिग हाऊस'ला मराठीत काय म्हणावं: वाडा, गढी की आणखी काही?

प्रश्न

आयर्लंडमधल्या जुन्या जमीनदारांच्या घरांवरचा एक लेख मराठीत आणतेय. त्यात 'बिग हाऊस' हा शब्द पावलोपावली येतो. आधी 'वाडा' लिहिलं, पण मग डोळ्यांपुढे चौक, तुळशीवृंदावन आणि दिंडीदरवाजाच येतो. 'गढी' चालेल का? शिवाय 'डिमेन' आणि 'हँगिंग गेल' या दोन शब्दांवर अडलेय.

उत्तर

'वाडा' नकोच. वाडा गावात असतो, भिंतीला भिंत लागून. मालक आणि कूळ एकाच जत्रेला जातात, एकच भाषा बोलतात. आयर्लंडमधले बहुतेक जमीनदार प्रॉटेस्टंट आणि इंग्रजी बोलणारे होते, तर कुळं बहुतांशी कॅथलिक. घर गावापासून दूर, मैलोन्‌मैल दगडी कुंपणाच्या आत. रॉसकॉमन परगण्यातल्या स्ट्रोक्सटाउनला तर नोकरांची ये-जा मालकांच्या नजरेस पडू नये म्हणून भुयार केलं आहे. तो दुरावा 'वाडा' म्हटल्यावर पुसला जातो.

गढीही नाही, कारण गढी लढायला बांधतात. किल्डेअरमधलं कॅसलटाउन विल्यम कॉनोलीने १७२२ मध्ये बांधायला घेतलं. खाणावळवाल्याचा हा मुलगा जप्त झालेल्या जमिनींच्या व्यवहारात गबर झाला आणि संसदेचा सभापतीही झाला. त्याच्या घराला ना बुरूज ना खंदक. आहेत त्या खिडक्यांच्या लांबच लांब रांगा, इटालियन धाटणीच्या.

मी सरळ 'मोठं घर' लिहीन. आयरिश भाषेतही त्याला शब्दशः मोठं घरच म्हणतात. शिवाय आपल्याकडे 'मोठं घर, पोकळ वासा' आहेच, आणि ती म्हण इथे इतकी चपखल बसते की मला राहवत नाही. १८४५ पासूनच्या दुष्काळात खंड थकला, गरिबांसाठीचा कर मात्र जमीनदारांवर चढत गेला. आधीच गहाणात बुडालेल्या जमिनी विकता याव्यात म्हणून १८४९ मध्ये सरकारला खास कायदा करावा लागला.

दुसरं उत्तर

डिमेनसाठी कोकणातला शब्द सुचवतो: 'खासगी'. खोत जी जमीन कुळांना न देता स्वतःकडे ठेवायचा ती 'खोती खासगी'. डिमेन म्हणजे नेमकं हेच, मालकाने स्वतःसाठी राखलेली जमीन: बाग, हरणं, तळं, घरची शेती. इंग्रजी स्पेलिंगमधला 'स' उच्चारायचा नाही, आणि 'डोमेन' हा त्याचाच सख्खा भाऊ.

आमचा खोती कायदा १८८० चा. त्याच वर्षी मेयो परगण्यात लॉर्ड अर्नचा कारभारी कॅप्टन बॉयकॉट याच्याशी कुळांनी सगळे व्यवहार तोडले. त्यांनी खंडात पंचवीस टक्के सूट मागितली होती, मालक दहाच्या वर जाईना. मजूर मिळेनात, दुकानदार माल देईनात. शेवटी पीक काढायला बाहेरून पन्नास माणसं आणली आणि त्यांच्या रक्षणाला सैनिक. डिसेंबरच्या सुरुवातीला बॉयकॉटने आयर्लंड सोडलं. एका कारभाऱ्याचं आडनाव पुढे पंचवीस वर्षांत टिळकांच्या चतुःसूत्रीत 'बहिष्कार' होऊन बसलं. बॉयकॉटला 'जमीनदार' मात्र लिहू नका, ती चूक फार जण करतात.

पहिलं उत्तर, पुढे

'खासगी' उत्तम, माझ्या लक्षातच आलं नाही. आता 'हँगिंग गेल'. गेल म्हणजे सहामाही खंडाचा हप्ता. नव्या कुळाला पहिला हप्ता सहा महिने उशिरा भरायची मुभा असे. ऐकायला सवलत, पण त्यामुळे कूळ कायमचं एका हप्त्याने मागे आणि मालकाला वाटेल तेव्हा थकबाकीदार ठरवून जमिनीवरून हुसकता येई. 'स्थगित हप्ता' फारच सौम्य वाटतो. 'टांगता हप्ता' लिहा. वाचणाऱ्याला टांगती तलवार आठवेल, आणि आठवायलाच हवी.

प्रश्नकर्ती

'मोठं घर', 'खासगी', 'टांगता हप्ता' तिन्ही घेते. एक शेवटचं. १९२० ते २३ मध्ये, म्हणजे आयर्लंडच्या स्वातंत्र्ययुद्धात आणि नंतरच्या यादवीत, जाळलेल्या घरांसाठी मूळ लेखात सरसकट एकच शब्द आहे, मी 'भग्नावशेष' लिहिलंय.

पहिलं उत्तर

सरसकट नको. मेयोमधलं मूर हॉल १९२३ मध्ये जाळलं, पण भिंती अजून उभ्या आहेत, फक्त छप्पर नाही. (हे घराणं कॅथलिक होतं. १८४६ मध्ये शर्यतीच्या घोड्यावर जिंकलेल्या पैशांतून त्यांनी कुळांना धान्य दिलं होतं. तरी घर जळलं, याचं मला दर वेळी वाईट वाटतं.) तिथे 'बिनछपराचं घर' म्हणा. गॉलवेचं कूल पार्क जाळलेलं नाही, १९४१ मध्ये पाडलं. तिथल्या मालकीण, नाटककार लेडी ग्रेगरी यांच्या पाहुण्यांनी ज्यावर आद्याक्षरं कोरली ते बीचचं झाड तिथे आहे, घराचं मात्र तेवढं जोतं. तिथे 'जोतं'च लिहा.