दोन रंगांच्या ओपनिंगवर बंदी नको, बचाव ठरवा

बिनहुकमी (धागा)

परवा इथे एका सदस्याने लिहिले की, ब्रिजमध्ये मुइडरबर्गसारख्या दोन रंगांच्या दुबळ्या ओपनिंग (कमी पॉइंटवर लावलेली पहिली बोली) म्हणजे प्रतिस्पर्ध्याला नुसते गोंधळात पाडणे आहे आणि क्लबच्या स्पर्धांत त्यांवर सरसकट बंदी घालावी. दोन दिवस गप्प राहिलो, पण हे विधान इतक्या लोकांनी उचलून धरले आहे की सविस्तर लिहिणे भाग आहे.

गेल्या हिवाळ्यात एका सांघिक सामन्यात माझ्या उजवीकडून २ इस्पिक आले : इस्पिकची पाच पाने, एका मायनरची (किलवर किंवा चौकट) चार किंवा अधिक, ६ ते १० पॉइंट. माझ्याकडे इस्पिकचा राजा-चौकी, बदामाचा एक्का, राणी, सत्ती, तिर्री, चौकटचा एक्का, गुलाम, पंजी आणि किलवरचा राजा, दश्शी, छक्की, दुर्री अशी १७ पॉइंटची पाने होती. मी टेकआउट म्हणून, म्हणजे जोडीदाराने आपला रंग सांगावा म्हणून, डबल दिला. माझ्या जोडीदाराने तो "माझ्याकडे पॉइंट आहेत, यांना इथेच बसवू" असा घेतला आणि पास केले. त्यांनी नेमके आठ हात करून ४७० गुण घेतले. आम्हा दोघांत बदामाची नऊ पाने होती. दुसऱ्या टेबलावर आमच्याच पानांवर त्यांच्या जोडीने ३ बदाम करून १४० घेतले, म्हणजे एकूण ६१०, आणि १२ आयएमपी (सांघिक सामन्याचे गुण) गेले.

यात प्रतिस्पर्ध्यांनी काय चूक केली? काहीही नाही. चूक ही की, वीस वर्षे एकत्र खेळणाऱ्या आम्ही दोघांनी या डबलचा अर्थ कधी ठरवलाच नव्हता.

ठरवायला अर्धे पान पुरते. ओपनिंगमध्ये एक रंग निश्चित कळला असेल, तर तिला साध्या वीक टूसारखेच (एकाच रंगाची, दोनची दुबळी ओपनिंग) वागवावे : डबल टेकआउट, २ नोट्रंप (बिनहुकमी) म्हणजे स्टॉपरसह (त्यांचा रंग अडवणारे पान) १५ ते १८ समतोल, बाकी रंग नैसर्गिक आणि ४ किलवर किंवा ४ चौकट म्हणजे तो मायनर आणि दुसरा मेजर (इस्पिक किंवा बदाम), पाच-पाच. एकही रंग निश्चित नसेल, जसे विल्कोझ नावाच्या २ चौकट ओपनिंगमध्ये, तर डबल म्हणजे १३ ते १५ समतोल किंवा फार जोरदार पाने. पहिल्या फेरीत पास करून पुढच्या फेरीत दिलेला डबल त्या वेळच्या रंगावर टेकआउट. एक्रेन नावाच्या ओपनिंगप्रमाणे दोन्ही मेजर दाखवले, तर डबल म्हणजे बचाव करायला पुरेसे पॉइंट, आणि त्यानंतरचे आमचे सर्व डबल दंडाचे, म्हणजे त्यांना त्याच बोलीत बुडवण्यासाठी.

इस्पिकची राणी

आपण ज्या सदस्याचा उल्लेख केला आहे ती मीच, म्हणून उत्तर देते. आमच्या क्लबात शनिवारी सव्वीस-सत्तावीस माणसे येतात. निम्म्यांचे वय सत्तरीच्या पुढे आहे. माझे यजमान माझे जोडीदार आहेत आणि त्यांनी आयुष्यभर टेकआउट, ब्लॅकवुड आणि स्टेमन एवढ्या नेहमीच्या संकेतांवर आनंदाने ब्रिज खेळले आहे. मागच्या महिन्यात एका तरुण जोडीने सलग तीन बोर्डांवर अशा बोली लावल्या आणि हे घरी येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. रविवारी त्यांनी पत्ते हातात घेतले नाहीत. अर्धे पान पुरते असे आपण सहज लिहिता. ते पान पाठ करण्याचा भार खेळाचा आनंद घ्यायला येणाऱ्यावर का? जागतिक ब्रिज महासंघालाही हे मान्य असल्यामुळेच त्यांनी ब्राउन स्टिकरचा नियम केला.

बिनहुकमी

ताई, आपल्या यजमानांना झालेल्या मनस्तापाबद्दल मला खरोखर वाईट वाटते. परंतु नियमाचा आधार आपण चुकीचा घेतला आहे. ब्राउन स्टिकर म्हणजे २ किलवर ते ३ इस्पिक यांतील अशी ओपनिंग, जी दुबळी असू शकते आणि जिच्यात एखाद्या निश्चित रंगाची किमान चार पाने कबूल केलेली नाहीत. विल्कोझ त्यात बसते. मुइडरबर्गमध्ये मेजर निश्चित असतो, म्हणून ती बसत नाही. मल्टी २ चौकटला (एका मेजरचा वीक टू, पण कोणता ते न सांगणारी ओपनिंग) स्वतंत्र सवलत आहे. शिवाय ब्राउन स्टिकर बोलीवरचा लेखी बचाव टेबलावर उघडून पाहण्याची मुभा तोच नियम देतो, म्हणजे पाठांतराचा प्रश्न तिथे उरत नाही.

पहिलीउतारी

डबलवर एवढी चर्चा आणि खरी अडचण कोणीच लिहिली नाही. २ इस्पिक, पास, आणि मग उत्तर देणारा ३ किलवर म्हणतो : "तुझा मायनर किलवर असेल तर पास कर, नाही तर चौकट सांग." आता चौथ्या खेळाडूचा डबल कशाचा? आमच्या जोडीत तो किलवरचा असतो, कारण किलवरची राजा-राणी-गुलामासह पाच पाने धरून गप्प बसणे मला जमत नाही.

बिनहुकमी

तिथेच मी असहमत आहे. आपल्याकडे किलवरची पाच पाने असतील, तर ओपनरचा मायनर बहुधा चौकट असणार आणि तो ३ चौकट म्हणून निसटणार. म्हणजे आपला दंडाचा डबल क्वचितच वसूल होतो. उलट इस्पिकचे एकच पान आणि बाकी तिन्ही रंगांची चार-चार पाने, १४ पॉइंट, ही पाने पुन्हा पुन्हा येतात. त्यांच्यासाठी डबल इस्पिकवर टेकआउट ठेवावा.

पहिलीउतारी

३ किलवर म्हणणाऱ्याकडे सहसा इस्पिकची दोनच पाने असतात. ज्या रंगात ते खेळणारच नाहीत, त्यावर टेकआउट ठेवण्यात काय हशील?

किलवरचौकी

तुम्ही दोघे अर्थ ठरवत बसा, पण समोरच्याची बोली कळेल तेव्हा ना! आमच्याकडे अलर्ट (बोलीचा अर्थ वेगळा असल्याचा इशारा) मिळतो, मी विचारतो "म्हणजे काय?", आणि उत्तर येते "मुइडरबर्ग". हे स्पष्टीकरण नव्हे, हे ॲमस्टरडॅमजवळच्या एका गावाचे नाव आहे. पाच पाने नक्की की कधी सहा? मायनर चार पानांचा चालतो का? व्हल्नरेबल (बुडाल्यास दंड जास्त) नसताना ४ पॉइंटवर उघडता का? हे त्या जोडीला अनुभवाने ठाऊक असते आणि आम्हाला ते कळण्याचा पूर्ण हक्क आहे. मी एकदा हे तीन प्रश्न विचारले, तर समोरचे गृहस्थ म्हणाले की मी वेळ काढतो आहे. डायरेक्टरनेही (स्पर्धेच्या पंचाने) त्यांचीच बाजू घेतली. ऑनलाइन खेळताना बोली लावणारा स्वतःच अर्थ लिहितो, तिथे हा त्रास निम्म्याने कमी होतो.

बिनहुकमी

हा धागा बचावाचा आहे. डायरेक्टरविषयीची तक्रार वेगळी मांडावी.

किलवरचौकी

माहितीशिवाय बचाव कशाच्या आधारे ठरवायचा, हे आपणच सांगावे. मायनर चार पानांचा असेल तर ओपनरकडे उरलेल्या दोन रंगांत मिळून चार पाने असतात, पाचाचा असेल तर तीन. तुमचे २ नोट्रंप एक-दोन हातांनी बुडते ते या फरकाने. मला विषय बदलण्याचा दोष देऊ नका.

इस्पिकची राणी

मी बंदी मागितली ती नेमकी याच अनुभवातून. त्या तरुण जोडीनेही फक्त नाव सांगितले होते. "मुइडरबर्ग" ऐकून माझ्या यजमानांनी मान डोलावली, कारण न कळल्याचे चारचौघांत कबूल करणे त्यांना अवघड गेले. त्या मुलांनी "पाच इस्पिक, एक मायनर, दहापर्यंत पॉइंट" एवढे म्हटले असते, तर ते तीन बोर्ड कदाचित वेगळे झाले असते.

बिनहुकमी

किलवरचौकी, फरकाचा मुद्दा मान्य करतो, नाइलाजाने का होईना. माझ्या त्या १७ पॉइंटच्या पानांवरही मी काहीच विचारले नव्हते. बोली दुर्मीळ असली तरी अर्थ साध्या मराठीत सांगितला गेला पाहिजे.

पहिलीउतारी

डबल पास झालाच, तर पहिली उतारी हुकमाची करा, एवढे माझे ऐका. दुरंगी हाताला दुसरा रंग डमीच्या (टेबलावर उघडलेल्या जोडीदाराच्या पानांतल्या) हुकमांनी कापून घ्यायचा असतो. एका स्पर्धेत मी मोह पडून माझ्या एक्क्याची उतारी केली आणि त्यांनी डमीत तीन किलवर कापले. दोन हातांनी बुडणारा डाव त्यांनी पुरा केला.

इस्पिकची राणी

मुइडरबर्गवरची बंदीची मागणी मी मागे घेते. विल्कोझवरची नाही, निदान शनिवारच्या खेळात नाही. काल यजमानांना अर्धे पान वाचून दाखवले. वीक टूसारखे वागवायचे हे त्यांना लगेच पटले, आणि मग त्यांनी विचारले की ३ किलवरवरचा डबल कशाचा. ते तुम्ही दोघांनी आधी आपसांत ठरवा, आम्ही तोवर तिथे पासच करू.