गर्भपिशवीच्या तोंडाला टाका घातलाय, पूर्ण बेडरेस्ट लागतेच का?

नमस्कार, पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या. मागच्या वर्षी विसाव्या आठवड्यात बाळ गेलं. कळा नाहीत की काही नाही, नुसतं खाली जड जड वाटत होतं आणि कंबर भरून आलेली, मला वाटलं प्रवासाची दगदग असेल, दवाखान्यात पोचेपर्यंत पिशवीचं तोंड उघडलं होतं. म्हणून यावेळी डॉक्टरांनी वाट न बघता तेराव्या आठवड्यातच टाका घातला, मॅकडोनाल्ड पद्धतीचा. आता सतरावा चालूए. दर दोन आठवड्यांनी आतून सोनोग्राफी असते, परवा पिशवीच्या तोंडाची लांबी ३१ मिमी आली, २५ च्या खाली जायला नको म्हणाल्या. रात्री प्रोजेस्टेरॉन या हार्मोनची २०० ची गोळी खालून ठेवते.

आता घरचं सांगते. सासूबाईंनी पलंगाच्या पायथ्याला विटा लावल्यात, बाथरूमला जायचं तरी कोणीतरी सोबत. मायेनं करतात, कळतं मला. पण डॉक्टर म्हणतात घरात फिर, जड उचलू नको, संबंध नको, बास. माझ्या आईचं न् सासूबाईंचं लग्नात कशावर जमलं नाही ते विटांवर जमलंय! नवरा गप्प. टाका घालून कोणी नोकरी केलीय का, घरून तरी?

---

मी केली, घरूनच. टाका ३६ व्या आठवड्यात काढला, मुलगा ३८ व्याला झाला. विटा मलाही होत्या गं :) पण नुसतं पडून राहून लवकरची डिलिव्हरी टळते असं काही सिद्ध झालेलं नाही, उलट पायात रक्ताच्या गुठळ्या व्हायची भीती, बद्धकोष्ठ वेगळंच. सासूबाईंना पुढच्या व्हिजिटला सोबत ने, डॉक्टरांच्या तोंडून ऐकू देत. आणि त्यांना सांग की हा टाका आपल्या मुंबईच्या डॉ. शिरोडकरांनी १९५५ ला जगापुढे आणला, मॅकडोनाल्डचा त्यानंतर दोन वर्षांनी, म्हणजे परकं काही नाही. फक्त पाण्यासारखं जायला लागलं, रक्त दिसलं, थांबून थांबून पोट कडक झालं, ताप आला तर सकाळची वाट बघू नकोस, कळा सुरू असताना टाका तसाच राहिला तर पिशवीचं तोंड फाटू शकतं.

---

थँक्यू ताई. काल सासूबाई डॉक्टरांकडे सोबत आल्या होत्या, सगळं ऐकून घेतलं. दोन विटांची एक झालीय, ती पण चोविसावा आठवडा संपल्यावरच काढू म्हणतायत.