मदत हवी आहे: तलावाकाठच्या पायी-सायकल वाटेला पेव्हर, डांबर की मुरूम?

तळ्याकाठी:
तलावाभोवतीच्या उद्यानातून ४.५ किमीची वाट करायची आहे. चालणारे आणि सायकलवाले फक्त, गाड्या बंद. रुंदी ३ मीटर. सोमवारी अंदाजपत्रक द्यायचंय. पेव्हर, डांबर की मुरूम एवढंच सांगा. परवानग्यांचं नंतर बघतो.

रूळ_आठटनी:
पेव्हर. ६० मिमीचा ठोकळा, खाली ३० मिमी कच, म्हणजे दगडाचा बारीक चुरा. दोन्ही कडांना काँक्रीटची कडपट्टी घ्याच, नाहीतर ठोकळे बाहेर सरकत जातात आणि सांधे उघडतात. डांबर पाणी साचेल तिथे उखडतं.

पाणलोट:
तलाव कुणाचा? माती कुठली? वाट बांधावरून जाते का? आणि आखणी कुठल्या महिन्यात केली?

तळ्याकाठी:
लघुपाटबंधारे तलाव, जिल्हा परिषदेकडे आहे. ६०० मीटर बांधावरून. २.५ किमी काळी माती, बाकी मुरमाड. आखणी मे महिन्यात, पाण्याच्या कडेकडेने. पण माझा प्रश्न पृष्ठभागाचा आहे.

पाणलोट:
पृष्ठभागाचा प्रश्न सगळ्यात शेवटचा. मेमधली पाण्याची कड ही तलावाची कड नव्हे. पाणी २ मीटर उतरलेलं असेल आणि काठाचा उतार १:५० असेल, तर तुमची वाट खऱ्या काठापासून १०० मीटर आत, म्हणजे तलावातच आहे. दरवाजे नसलेल्या तलावात सांडव्याचा (जादा पाणी बाहेर पडायची जागा) माथा हीच पूर्ण संचय पातळी, म्हणजे तलाव भरल्यावरची पातळी, आणि पुरात पाणी त्याच्याही वर चढतं. त्या माथ्यावरून ऑटो लेव्हलने (पातळी मोजायची दुर्बीण) पातळी घ्या, जिल्हा परिषदेच्या नकाशातली उच्चतम पूर पातळी बघा, त्या पातळीवर दर ३० मीटरला खुंट्या मारा. वाट त्या खुंट्यांच्या निदान अर्धा मीटर वर ठेवा. खालच्या पट्ट्यात गाळपेर (पाणी उतरल्यावर उघड्या पडलेल्या गाळातली शेती) होत असेल तर त्या शेतकऱ्यांचा रस्ता आणि गुरांचा पाणवठा आधी नकाशावर दाखवा.

कलम_चार:
परवानग्या नंतर नाही, आधी. २०१७ च्या पाणथळ (तलाव, दलदलीच्या जागा) नियमांत, ते लागू होण्याआधीच्या १० वर्षांच्या सरासरी उच्च पूर पातळीपासून ५० मीटरच्या आत पक्कं बांधकाम करता येत नाही, बोटींचा धक्का सोडून. मुंबई उच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये पवई तलावाचा सायकल ट्रॅक बेकायदा ठरवला आणि झालेलं काम काढून जागा पूर्ववत करायला सांगितलं.

रूळ_आठटनी:
सिंचनासाठी बांधलेले तलाव त्या नियमांच्या व्याख्येतच येत नाहीत. उगाच घाबरवू नका.

कलम_चार:
पवईसुद्धा माणसानेच बांधलेला, १८९१ चा, मुंबईच्या पाण्यासाठी. तरी काम थांबलं. सूट लागू आहे असं गृहीत धरू नका. जिल्हा परिषदेकडून आणि जिल्हाधिकारी कार्यालयाकडून लेखी घ्या.

बहावा:
झाडं विसरू नका. काठाला अर्जुन, करंज, जांभूळ. वाटेच्या कडेपासून ४ मीटर लांब, म्हणजे मुळं पृष्ठभाग उचलणार नाहीत. बांधावर दोन्ही बाजूंनी बहावा फार सुंदर दिसेल.

पाणलोट:
बांधावर एकही झाड नको! मातीच्या बांधात मूळ शिरलं आणि पुढे कुजलं की पोकळी राहते, तिच्यातून पाझर सुरू होतो आणि माती वाहून जाते. बांधावर दिव्यांच्या खांबांचे आणि बाकांचे खड्डेही नकोत, पायथ्याचा निचरा कुठेही दाबू नका. माथ्यावर फक्त मुरमाचा थर, आणि त्याचा आडवा उतार पाण्याच्या बाजूला. बाहेर उतार दिला तर पावसाचं पाणी मागच्या मातीच्या उतारावर घळी पाडतं.

मुरूम_आणि_खडी:
आता पृष्ठभाग. काळ्या मातीवर पेव्हर टाकू नका. पावसाळ्यात माती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, दोन वर्षांत ठोकळ्यांच्या लाटा होतात आणि सायकल घसरते. ३.६ मीटर रुंद, ३०० मिमी खोल माती काढा, खाली न विणलेलं जिओटेक्स्टाइल (माती आणि मुरूम वेगळे ठेवणारं कृत्रिम कापड) अंथरा, मुरूम १५० मिमीच्या दोन दबलेल्या थरांत, प्रत्येक थरावर पाणी मारून रूळ फिरवा. आडवा उतार २ ते ३ टक्के. २.५ किमीला दबलेला २,७०० घनमीटर लागेल, सुटा साधारण ३,४०० म्हणजे १,२०० ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). दोन ब्रासच्या गाडीच्या ६०० फेऱ्या. गौण खनिजाचं स्वामित्वधन, म्हणजे मुरमासाठी सरकारला भरायची रॉयल्टी, अंदाजपत्रकात धरलंय का?

तळ्याकाठी:
नाही धरलं. मी तर १०० मिमीचा थर धरला होता. आणि दुचाक्या कशा अडवायच्या?

रूळ_आठटनी:
प्रवेशाला खांब लावा, १ मीटरच्या अंतराने.

मुरूम_आणि_खडी:
१ मीटरमधून मोटरसायकल आरामात जाते. चाकखुर्चीला ९०० मिमी सोडावेच लागतात, म्हणून खांब फक्त चारचाकी अडवतात. दोन खांब तर नकोतच. सगळे मधल्या फटीतून जायला बघतात आणि समोरासमोर येतात. मधोमध एकच, काढता येणारा, परावर्तक पट्टीचा खांब, दोन्ही बाजूंना १.४ मीटर. रुग्णवाहिका आणि देखभालीचा ट्रॅक्टर तिथूनच जातील. दुचाक्यांसाठी गेटवर माणूस हवा, त्याचा पगार देखभालीच्या खर्चात दाखवा.

काजवा:
सौर दिवे दर २० मीटरवर, ४ मीटर उंच खांब.

बहावा:
पाण्याच्या बाजूला दिवे नकोतच. रातबगळे आणि वटवाघळं तिथेच खातात. वाट सूर्यास्ताला बंद करा, दिवे फक्त गेटवर.

तळ्याकाठी:
दिवे मागितलेच नव्हते. खुंट्या मारून आखणी नव्याने करतो, सोमवारी अंदाजपत्रक देत नाही, मुदत मागतो. एकच अडलंय: पूर्ण फेरी हवी असेल तर सांडवा ओलांडावा लागतो. सांडव्याच्या वाहिनीत पाईप टाकून वर भराव चालेल का?

पाणलोट:
अजिबात नाही. वाहिनी अडली की पाणी तलावात चढतं आणि बांधावरून जातं, मातीचा बांध तिथेच फुटतो. फेरीचा हट्ट सोडा, घोड्याच्या नालेच्या आकाराची वाट करा, सांडव्याच्या दोन्ही बाजूंना वाट संपवा. पाईप टाकायचे ते वाटेला आडव्या येणाऱ्या ओघळींवर: ६०० मिमीचा ह्यूम (सळईच्या काँक्रीटचा) पाईप, एनपी-३ दर्जाचा. ३०० मिमीचा पालापाचोळ्याने तुंबतो आणि आत हात जात नाही. ओघळी किती आहेत?

तळ्याकाठी:
मेमध्ये कोरड्या होत्या, मोजल्या नाहीत. उद्या सकाळी मोजतो.