कोलोरॅडोत धनुष्याची पहिली शिकार: म्यूल डिअर की एल्क?

फोर्टकॉलिन्सकर:
नमस्कार मंडळी. एप्रिलच्या पहिल्या मंगळवारी ड्रॉचे (शिकारीच्या परवान्यांच्या सोडतीचे) अर्ज बंद होतात, म्हणून घाईघाईने हा धागा. हंटर एज्युकेशनचा कोर्स झालाय. ६० पाउंडांचा कंपाउंड बो आहे, हिवाळाभर रेंजवर सराव चालू आहे आणि चाळीस यार्डांवरून बाण बशीएवढ्या जागेत बसतात. ऑफिसात विचारलं की सगळ्यांचं एकच उत्तर, एल्क, म्हणजे ते सांबरासारखं थोराड जनावर. रेंजवर येणारे एक म्हातारे गृहस्थ मात्र म्हणाले, सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात जाणार असशील तर म्यूल डिअरच्या, म्हणजे मोठ्या कानांच्या हरणाच्या, मागे जा. का, ते काही सांगितलं नाही, बाण गोळा केले आणि गेले.
मी बहुधा एकटाच जाईन. डोंगर चढायची सवय आहे, सह्याद्रीत वाढलोय. शिकारीचा अनुभव शून्य. इथे कुणी दोन्ही केलंय का? आणि एच-वन-बी व्हिसावर काही अडचण येते का?

रानवाट:
म्हातारबुवांचं ऐका. का ते सांगतो, जरा लांबेल.
एल्कची सगळी नशा त्याच्या आवाजात आहे. माजावर आलेला बुल (एल्कचा नर) रान दणाणून सोडतो, तुम्ही मादीचा आवाज काढता आणि तो शोधत तुमच्याकडे येतो. पण हा माज रंगात येतो सप्टेंबरच्या मध्यानंतर. आपला धनुष्याचा हंगाम उघडतो २ तारखेला. त्या सुरुवातीच्या दिवसांत बरेच बुल गप्प असतात आणि दाट स्प्रूसच्या काळोखात पडून राहतात. नवख्या माणसाने त्यांना शोधायचं कसं? दिवसभर चालायचं, ताज्या लेंड्या बघायच्या आणि परत यायचं.
म्यूल डिअरचं याच्या बरोबर उलट. वसंतापासून वाढणारी शिंगं ऑगस्टअखेरपर्यंत मखमलीखाली, म्हणजे लवदार कातडीखाली, असतात. आत रक्त खेळत असतं, शिंगं हुळहुळी असतात, त्यामुळे नर दाट झाडीत शिरायचं टाळतात असं जुने शिकारी मानतात. कारण काहीही असो, तेव्हा ते वृक्षरेषेच्या वर उघड्या कुरणांत चरताना दिसतात हे खरं. कोलोरॅडोत ही रेषा साधारण ११,५०० फुटांवर. चार-सहा नर एकत्र, आपसात भांडण नाही. अंगावर उन्हाळ्याचे तांबूस केस, त्यामुळे हिरव्या उतारावर फार लांबून नजरेत भरतात. मग दिवस लहान होत जातात, टेस्टोस्टेरॉन वाढतं, मखमलीचा रक्तपुरवठा थांबतो आणि सप्टेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात नर झुडपांवर घासून ती उतरवतात. त्यानंतर त्यांचा स्वभावच पालटतो. टोळी फुटते, नर झाडीत उतरतात आणि उजेडात बाहेर पडायचं नाव काढत नाहीत. म्हणजे तुमच्या हातात पहिला आठवडा, फार तर दहा दिवस.
शिकारीचा दिवस असा जातो. उजाडण्याआधी समोरच्या धारेवर बसायचं, ट्रायपॉडवर दुर्बीण लावायची आणि खोरं इंच-इंच बघायचं. नर दिसला तरी उठायचं नाही. तो चरून कुठे बसतो ते बघायचं. साधारण आठ-नऊला तो खडकाच्या किंवा खुरट्या झाडाच्या सावलीत बसतो. तरीही उठायचं नाही! सावली सरकली की तोही उठून जागा बदलतो, आणि दुसऱ्या जागी जास्त वेळ टिकतो. तोवर वाराही सुधारतो. रात्रीची थंड हवा दरीत उतरत असते, ऊन तापलं की ती वर चढायला लागते. मधला तासभर वारा कुठलाच नसतो आणि सगळीकडचा असतो, त्या वेळात निघाल तर सावजाला तुमचा वास लागलाच म्हणून समजा. वर चढणारा वारा स्थिर झाला की वळसा घालून त्याच्या डोक्यावर जायचं आणि वरून खाली उतरायचं. शेवटच्या ऐंशी-शंभर यार्डांत बूट काढा, जाड मोज्यांवर चला. ते कान शोभेचे नाहीत.
टप्प्यात पोचल्यावर काम संपत नाही. बसलेल्या जनावरावर बाण सोडायचा मोह आवरा, तो उठेपर्यंत थांबा. कधी तीन-तीन तास. मला ही शिकार एल्कपेक्षा जास्त आवडते ती याच तासांसाठी. वीस-तीस यार्डांवर एक सावध जनावर रवंथ करतंय, त्याला तुमची खबर नाही, आणि तुम्हाला पायाला आलेली मुंगीसुद्धा झटकता येत नाही. एल्कमध्ये सगळं दोन मिनिटांत होतं किंवा होत नाही.
आता वजनाचं. मोठा बुल तीनशे किलोच्या घरात, म्यूल डिअरचा नर साधारण सत्तर ते शंभर. खाण्याजोगं मांस रानात सोडणं कायद्याने गुन्हा आहे. एकट्याने बुल पाडलात तर पाच-सहा फेऱ्या, आणि सप्टेंबरची दुपार मांसाला थांबत नाही. हरीण हाडं सोडवून एका जड खेपेत किंवा दोन बऱ्या खेपांत खाली येतं. एकटे जाणार म्हणता, त्यामुळे माझ्या मते इथेच निकाल लागला.

बिगुलबाबा:
रानवाटांनी एल्कला फारच स्वस्तात काढलं. साठ यार्डांवर बुल ओरडला की छातीत जे होतं ते दुर्बिणीत बघून होत नाही. पण सुरुवातीच्या आठवड्याबद्दल त्यांच्याशी भांडता येणार नाही.
व्यवहाराचं सांगतो. कोलोरॅडोत हरणाचा प्रत्येक टॅग (एक जनावर मारायचा परवाना) ड्रॉमधूनच मिळतो, १९९९ पासून. एल्कचं तसं नाही. बाहेरच्या राज्यातल्यांसाठी धनुष्याचा ओव्हर-द-काउंटर टॅग २०२५ पासून बंद झाला, पण तुम्ही रेसिडेंट. बऱ्याच युनिटांत (शिकारीसाठी आखलेल्या भागांत) तुम्हाला तो अजून दुकानातून सरळ घेता येतो. तेव्हा ड्रॉमध्ये हरीण मागा. लागलं तर त्याच युनिटात चालणारा एल्क टॅगही खिशात ठेवा. पहिला आठवडा वर, मखमलीवाल्यांच्या मागे. महिन्याच्या शेवटी खाली, माझ्याबरोबर. वेळ जुळली तर मांस उचलायला चार हात मिळतील.

फोर्टकॉलिन्सकर:
बिगुलबाबा, हे डोक्यातच आलं नव्हतं. युनिट कसं निवडायचं? सॅन वान डोंगरांकडे वेमिन्यूच विल्डरनेसमध्ये (राखीव रानात) जावं असं मनात होतं.

रानवाट:
वेमिन्यूच सुंदर आहे, राज्यातलं सगळ्यात मोठं विल्डरनेस, १९७५ चं. पण तुमच्यापासून आख्खा दिवस गाडी चालवायची, आणि ऑगस्टमध्ये तीनदा जाऊन बघायला जमणार आहे का? या शिकारीत हंगामाआधीची टेहळणी अर्धं काम असतं. ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात ज्या खोऱ्यात नर दिसले, त्याच खोऱ्यात ते २ सप्टेंबरला असण्याची शक्यता खूप. म्हणून शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर पोचता येईल असं युनिट घ्या. तुम्हाला रावाह आणि नेव्हर समर डोंगररांगा जवळ आहेत. रॉकी माउंटन नॅशनल पार्कची हद्द तिकडेच लागते आणि आत शिकार बंद, तेव्हा नकाशा फोनवर उतरवून ठेवा.
वायव्य कोपऱ्यातल्या युनिटांचे जुने आकडे बघून हुरळून जाऊ नका. २०२२-२३ च्या हिवाळ्यात तिथे बर्फाने हरणं फार मेली आणि टॅग कापले गेले.
विल्डरनेसमध्ये सायकलसुद्धा चालत नाही हेही लक्षात ठेवा. जे न्याल ते पाठीवर.

मिठागर:
सॉल्ट लेकहून. आमच्या युटात धनुष्याचा सर्वसाधारण हंगाम ऑगस्टच्या मध्यावरच उघडतो आणि नेवाडात १० ऑगस्टला, त्यामुळे मखमलीचा पूर्ण काळ हाताशी येतो. पण उकाडा! सावलीत सुद्धा मांस लवकर खराब होतं. कापडी गेम बॅग हव्यातच, प्लॅस्टिकची पिशवी अजिबात नको. कातडं लगेच उतरवा, मांस सावलीत वारा लागेल असं टांगा, गाडीत बर्फाचे कूलर भरून ठेवा. मखमलीची शिंगं जपायची असतील तर ती लवकर गोठवा, नाहीतर आतल्या रक्ताने सडतात.
व्हिसाबद्दल: धनुष्य फेडरल कायद्यात फायरआर्म नाही. बंदुकीसाठी नॉनइमिग्रंट व्हिसावर बंदी आहे, त्यात वैध हंटिंग लायसन्सवाल्यांना अपवाद. तो कागदपत्रांचा प्रकार नको म्हणून माझ्या नवऱ्याने धनुष्यच धरलं, आता बंदुकीचं नावही काढत नाही.

अहिंसक_अण्णा:
भारतात १९७२ मध्ये कायदा करून शिकार थांबवली, आणि आपली सुशिक्षित पोरं तिकडे जाऊन गोंडस हरणं मारतात. मांसच हवं तर दुकानं आहेत की.

बिगुलबाबा:
अण्णा, रागावू नका, पण कोलोरॅडोची गोष्ट वेगळी आहे. १९१० च्या सुमारास इथे एल्क हजाराच्या आत उरले होते, बाजारात विकायला मारून संपवले होते. वायोमिंगहून आणून सोडले, मोजून टॅग दिले, आज अडीच लाखांच्या वर आहेत. या कामाचा बराच पैसा लायसन्समधून येतो. शिवाय १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका-काडतुसांवरचा कर वन्यजीवांच्या कामासाठी राखून ठेवला. धनुष्यबाण त्यात आले तेही १९७२ मध्येच. आपल्याकडे तेव्हा जे केलं ते बरोबरच होतं.

अहिंसक_अण्णा:
कर भरला म्हणून पाप धुतलं जात नाही. पण हजाराचे अडीच लाख झाले हे माहीत नव्हतं. चालू द्या.

पोटोबा:
मी फक्त रश्श्यासाठी आलोय. ऑगस्ट-सप्टेंबरचा नर उन्हाळाभर हिरवं खाल्लेला आणि माजाच्या आधीचा असतो, मांसाला उग्र वास नसतो. चरबी मात्र सगळी काढून टाका, थंड झाली की टाळूला मेणासारखी चिकटते. मांड्या काळ्या मसाल्यात मंद आचेवर. पाठीच्या दोन पट्ट्यांना कुकर दाखवलात तर मी रॉकीज ओलांडून भांडायला येईन. त्या तव्यावर, बाहेरून खरपूस, आतून गुलाबी, वर नुसतं मीठ आणि मिरी.
त्याआधी डोक्याचा नमुना सीडब्ल्यूडीच्या (क्रॉनिक वेस्टिंग डिसीज) तपासणीला द्या. हा मेंदूचा रोग १९६० च्या दशकाच्या शेवटी पहिल्यांदा लक्षात आला तो तुमच्या फोर्ट कॉलिन्समध्येच, पिंजऱ्यातल्या म्यूल डिअरमध्ये. माणसाला झाल्याची नोंद नाही, पण निकाल पॉझिटिव्ह आला तर मांस खाऊ नका असंच सांगतात. निकाल येईपर्यंत फ्रीझरमध्ये वेगळं ठेवा.

फोर्टकॉलिन्सकर:
सगळ्यांचे आभार. हरीण नक्की. एक शंका राहिली. रानवाट, तुम्ही म्हणता दुपारी दबा धरून बसा. पण इथे दुपारीच तर वीजा पडतात ना?

रानवाट:
बरोबर जागी बोट ठेवलंत. या शिकारीत सगळ्यात धोक्याचं तेच, अस्वलं वगैरे नंतर. जुलै-ऑगस्टमध्ये दक्षिणेकडून ओल येते, तिला इथेही मान्सूनच म्हणतात, आणि सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत तिची शेपटी चालू असते. ढग साधारण अकरापासून उभे राहायला लागतात. मी दहापर्यंत वारा ठरला तरच निघतो. नाही ठरला तर तो दिवस बघण्यात घालवतो, नर उद्याही तिथेच असतो. गडगडाट ऐकू आला की धार सोडायची, मग नर वीस यार्डांवर का असेना. तंबूही धारेवर नको, वृक्षरेषेच्या खाली लावा. पहिली रात्र दहा हजार फुटांच्या आसपास काढून मग वर चढा, डोकं दुखायला लागलं तर हट्ट न करता खाली या.
अजून एक, हे आत्तापासून करा. रेंजवरचा सपाट सराव पुरत नाही. वरून खाली मारताना कोनाचा हिशेब करणारा रेंजफाइंडर घ्या आणि हात खाली न आणता कमरेतून वाका. ऑगस्टमध्ये ब्रॉडहेड (शिकारीचं धारदार पात्यांचं टोक) लावूनच सराव करा, साध्या टोकाचे आणि ब्रॉडहेडचे बाण एकाच जागी लागतीलच असं नाही. बशीएवढी जागा चाळीसला जमते म्हणता ना, तर रानात तीस हीच तुमची हद्द धरा.