स्टीफन्सनला फुकटचं श्रेय मिळालंय का?

कोळसेवाला:
शाळेत घोकलेलं आठवतं? रेल्वे इंजिनाचा शोध कुणी लावला? जॉर्ज स्टीफन्सन. एक मार्क. माझ्या मते तो मार्क भलत्याच्या खात्यात गेलाय. २१ फेब्रुवारी १८०४ ला वेल्समधल्या पेनीडॅरनच्या लोखंड कारखान्यातून रिचर्ड ट्रेव्हिथिकच्या इंजिनाने १० टन लोखंड आणि ७० माणसं पाच वाघिणींतून ओढत नेली. पावणेदहा मैल, चार तासांच्या आसपास. कारखान्याच्या मालकाने त्यावर पैज लावली होती म्हणे! स्टीफन्सनचं पहिलं इंजिन धावलं ते १८१४ मध्ये. शिवाय वापरलेली वाफ धुराड्यात सोडली की आग फुलते, हे ट्रेव्हिथिकने आधीच करून पाहिलेलं. हा माणूस १८३३ मध्ये कफल्लक होऊन मेला आणि पाठ्यपुस्तकात आले दुसरेच.

घाटमाथा:
अहो, पण त्या इंजिनाचं पुढे काय झालं तेही सांगा की. त्याच्या वजनाने बिडाचे रूळ फुटायला लागले, थोड्याच फेऱ्यांत खेळ आटोपला. चाललं खरं, पण रेल्वे झाली नाही. स्टीफन्सनकडे स्वतःच्या बिडाच्या रुळांचं पेटंट होतं, तरी इंग्लंडमधल्या स्टॉकटन-डार्लिंग्टन रेल्वेमार्गासाठी त्याने बर्किनशॉच्या घडीव लोखंडाच्या रुळांची शिफारस केली. म्हणजे हातचा पैसा सोडला. मला तर हेच त्याच्या गाजलेल्या ‘रॉकेट’ इंजिनापेक्षा मोठं वाटतं.

सांधेवाला:
घाटमाथा, तुम्ही नकळत माझी बाजू मांडलीत. मग श्रेय बर्किनशॉला द्या ना! १८२० चं त्याचं पेटंट. बीड कडक पण ठिसूळ, दणका बसला की तडकतं. घडीव लोखंड वाकतं, तुटत नाही, आणि लाटून लांब रूळ काढता येतात, म्हणजे सांधेही कमी. इंजिनवाले सगळे भाव खाऊन गेले, रुळाला कोण विचारतो? (आजोबा रेल्वेत सांधेवाले होते, तेव्हा मी तटस्थ नाही हे मान्य.)

कोळसेवाला:
रूळ तुटले यात इंजिनाचा काय दोष? ते रूळ घोड्यांच्या गाड्यांसाठी टाकलेले होते. आणि रॉकेटचं म्हणाल तर १८२९ ला रेनहिलची इंजिनांची स्पर्धा जिंकली ती बॉयलरमधल्या २५ तांब्याच्या नळ्यांच्या जोरावर. ती कल्पना लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वे कंपनीचा सेक्रेटरी हेन्री बूथ याची आणि इंजिन बांधलं स्टीफन्सनच्या मुलाने, रॉबर्टने. थोरल्या स्टीफन्सनचं त्यात किती?

घाटमाथा:
माणसं जमवणं, हेच त्याचं. ट्रेव्हिथिक एकांडा शिलेदार, आज इंजिन, उद्या पेरूतल्या चांदीच्या खाणी. स्टीफन्सन बापलेकांनी अभियंत्यांची पिढी घडवली. आपल्या बोरघाटातल्या रेल्वेचा अभियंता जेम्स बर्कली रॉबर्टच्याच तालमीतला. १८५३ ची बोरीबंदर-ठाणे गाडी ट्रेव्हिथिकच्या वाटेने आली नाही.

सांधेवाला:
आली खरी, पण दोन रुळांमधल्या अंतराच्या स्टीफन्सनच्या ४ फूट साडेआठ इंची मापावर नाही, साडेपाच फुटांवर! बाकी बर्कलीचा मुद्दा बिनतोड.

कोळसेवाला:
बर्कलीपुरतं मान्य. मार्क मात्र अर्धाच देणार.